आमच्या बागेतला वाघ आणि साहेबांची शिंक

बागेत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे झाडांना पाणी मारायचं?" नाही हो. पाणी मारतो तो माळी. मी सुपरवायझर होतो, म्हणजे माळ्यानं पाणी मारलं का ते बघणारा. नळाला पाणीच आलं नाही तर माळी आणि मी दोघंही आभाळाकडं बघायचो. निवृत्त झालो तरी बघण्याची ही सवय गेलेली नाही. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक घरी आले, तेव्हा त्यांच्याशी बोलता बोलता मी त्यांना दोनदा उठवून खुर्ची सरकवायला लावली, कारण ती अंगणातल्या हरळीवर होती. हे मला आठवत नाही, बायको सांगते.

पुढं बेळगावात, खानापुरात, पार कणकुंबीच्या जंगलाच्या कडेलाही मी झाडं लावली. त्या सगळ्यांची हकिकत सांगत बसत नाही. सांगायची ती पहिल्या बागेची. निपाणीच्या अलीकडं तंबाखूच्या वखारींचं एक गाव आहे, तिथली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हाचे काही मेंबर अजून हयात आहेत आणि सकाळी फिरायला त्याच बागेत येतात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी धारवाडला बागकामाचं शिक्षण घेऊन नुकताच परतलो होतो. वडील वखारीत तंबाखूची बोदं, म्हणजे गच्च भरलेली पोती, उचलता उचलता गेले, आई त्याच वखारीत तंबाखू चाळायची. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिलाच. खुर्चीचा एक पाय विटेवर होता, पण खुर्ची होती.

पालिकेचे अध्यक्ष म्हणजे आप्पा. ते सहलीला म्हैसूरला गेले आणि तिथली बाग, रंगीत कारंजी बघून आले ते वेगळेच होऊन आले. पुढच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "आपल्या गावाला बी बाग पायजे. आनि नुसती झाडं न्हाईत, झाडं तर माळावर बी असत्यात. कला बी पायजे!" कुणीतरी विचारलं, कला किती आणि झाडं किती? आप्पा म्हणाले, "निम्मं निम्मं." आणि तसाच ठराव झाला. बागेत निम्मी कला, निम्मा निसर्ग. हे 'निम्मं निम्मं' आम्हाला पुढं किती छळणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

जागा ठरली वखारींच्या समोरची. मोकळी, खडकाळ, मधोमध चिंचेची जुनी झाडं. या जागेवर वखारवाले अण्णा आधीपासून डोळा ठेवून होते. अण्णा पालिकेत मेंबर होते आणि त्यांना तिथं आणखी एक वखार बांधायची होती. वाद बेळगावपर्यंत गेला. तिथल्या मोठ्या साहेबांनी तोड काढली, की दोन वर्षांनी उन्हाळ्यात मी स्वतः येऊन बघेन. बाग बागेसारखी दिसली तर जागा कायमची बागेला. नाही दिसली तर अण्णांना.

मी उड्या मारत घरी गेलो आणि आईला सांगितलं. आईचं नाव तानूबाई, पण अख्खं गाव तिला तानाक्का म्हणायचं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आनि आमी कुठं बसायचं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत वखारीतल्या सगळ्या बायका त्याच चिंचांखाली भाकरी खायला बसायच्या. दुसरीकडं सावली म्हणून नव्हती.

"बागेत बस की आये. तुझीच बाग."

"फाटक बसवनार का?"

"व्हय, लोखंडी."

"दुपारी उघडं असतंय का ते?"

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "मोठ्या गावातल्या बागा दुपारी बंदच असत्यात. दुपारी उघडी ठेवली तर तिला बाग कोन म्हनंल?" म्हणजे माझी बाग फसली तर तिथं वखार येणार आणि बायकांची सावली जाणार. बाग जमली तर फाटक लागणार आणि तरीही सावली जाणार. आईनं हे ऐकलं आणि मला भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "शिकून आलास ते बरं झालं." त्या दिवशी ठेचा फार तिखट होता.

नवी बाग आखायची म्हणजे लगेच खड्डे खणायचे नसतात. आधी नुसतं बसून बघायचं. लोक कुठून कुठं जातात, पावसाचं पाणी कुठं तुंबतं, शेळ्या कुठून शिरतात. लोकांची पायवाट असते तिथंच बागेची वाट करावी. आपण नकाशावर सुंदर वळण काढलं तरी लोक सरळच जातात, आणि मध्ये गुलाब असला तर गुलाबातून जातात. मी असा माळावर बसून बघत होतो, तर गावात बातमी पसरली की तानाक्काच्या पोराला बाहेरची बाधा झाली, तो दिवसभर चिंचेखाली बसून शेळ्या मोजतो.

कलेची बाजू सांभाळायला बेळगावच्या खासबाग भागातून परशराम मूर्तिकार आले. गणपतीच्या मूर्तींसाठी त्यांचं मोठं नाव. गोरेपान, पोट सुटलेले, कपाळाला गंध. चतुर्थी झाली की पुढं त्यांचे हात मोकळेच असत. बागेत पुतळे माणसांचे नकोत असं मी आधीच मंजूर करून घेतलं होतं, कारण प्रत्येक मेंबरला आपल्या वडिलांचा पुतळा हवा होता आणि त्यातल्या दोघांचे वडील अजून जिवंत होते. म्हणून जनावरं ठरली. पहिलं काम वाघाचं.

परशरामांनी भोवती गोणपाटं बांधून महिनाभर काम केलं. गोणपाटं काढली तेव्हा आम्ही सगळे समोर उभे होतो. वाघ मांडी घालून बसला होता. पोट गोल. डोळे मोठे, शांत, माया पाघळणारे. आणि उजवा पंजा आशीर्वादाला वर.

"परशरामअण्णा," मी म्हणालो, "ह्यो वाघ हाय?"

"पट्टं न्हाईत व्हय?" त्यांनी मलाच विचारलं. पट्टे होते.

"पन वाघ असा बसतोय का?"

"मी बसलेलंच करतो. उभं माझ्या हाताला न्हाय. तीस वरसं बसलेलं करतोय, आता एकदम उभं कसं करू?"

हरणाचंही तेच झालं. मोराचंही. बागेत कुठूनही बघा, कुणीतरी प्रेमळपणे तुमच्याकडं बघतच असायचं. वखारवाले अण्णा मुद्दाम लोकांना घेऊन यायचे, दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. आप्पा मात्र खूश. म्हणाले, "वाघ भ्या घालनारा असला तर पोरं रडत्यात. ह्यो चांगला हाय."

खरी गंमत हत्तीची झाली. तोपर्यंत बागेत कला जास्त झाली आणि निसर्ग मागं पडला, अशी तक्रार झाली होती. ठराव तर निम्म्या-निम्म्याचा. मी म्हणालो, हत्ती मेंदीचा करतो. मेंदीची कुंपणं असतात ना, ती कापून कापून आकार देता येतो. तारेचा सांगाडा करायचा आणि मेंदी त्यावर धरायची. परशराम म्हणाले, हत्ती माझाच, सोंड करण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. दोघंही हटेनात. शेवटी आप्पांनी निकाल दिला, की पुढचा निम्मा हत्ती सिमेंटचा, मागचा निम्मा मेंदीचा. ठरावाप्रमाणं.

सिमेंट वाढत नाही, मेंदी वाढते. पावसाळ्यात हत्तीचं मागचं अंग असं फुगलं की पुढचं पिल्लू वाटायला लागलं. मी शिडीवर चढून कात्रीनं हत्तीची पाठ भादरायचो आणि खालून परशराम ओरडायचे, "अजून घ्या, अजून घ्या, कंबर दिसंना!" एकदा जास्त घेतली तर हत्ती मागून सुकलेला दिसू लागला. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं त्याच्यापुढं उभं राहून, आज मागचं मोठं का पुढचं मोठं, यावर भांडायचो. भांडून झालं की चहा. परशरामांसारखा भांडायला चांगला माणूस मला पुढच्या नोकरीत भेटला नाही.

मग हरळी लावली आणि हरळीवर चालू नये म्हणून पाटी करायची ठरली. पाटीवर वर कुठली भाषा आणि खाली कुठली, हा विषय आमच्या भागात निघाला की जेवणाची वेळ टळते. दोन बैठका झाल्यावर ठरलं, अक्षरंच नकोत, चित्र काढा. परशरामांनी चपलेचं झकास चित्र काढलं आणि त्यावर लाल फुली मारली. पाटी लावली त्या दिवसापासून लोक पाटीपाशी चपला काढून ठेवायचे, हरळीवर अनवाणी चालत जायचे आणि वाघाला हात जोडायचे. वाघाचा हात वरच होता. आठवड्याभरात त्याच्यापुढं नारळ फुटायला लागले. मी तक्रार केली तर आप्पा म्हणाले, "असू द्या. निदान थुंकत न्हाईत." हे मात्र खरं होतं. तंबाखूच्या गावात न थुंकलेली तेवढी एकच जागा असेल.

साहेबांच्या येण्याची तारीख लागली आणि नेमकी तेव्हाच हरळी पिवळी पडू लागली. उपटून बघितलं तर मुळं कुरतडलेली. हुमणी. ही पांढरी अळी मातीत राहून मुळं खाते. औषध मागवायला वेळ नव्हता. पण आमच्या भागात त्याला औषध लागतंच कशाला? वखारीत तंबाखू चाळल्यावर जी बारीक भुकटी उरते ती टाकली की कीड जाते, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, आप्पा म्हणाले, पालिकेचे इंजिनिअर म्हणाले, अगदी अण्णासुद्धा म्हणाले की माझ्याच वखारीतली न्या. आदल्या दिवशी गाडीभर भुकटी आणून आम्ही सगळीकडं पसरली. पाणी मारून ती बसवायची होती, पण नळ कोरडा. माळी आणि मी आभाळाकडं बघून घेतलं.

साहेब आले. सोबत त्यांचा कारकून आणि ड्रायव्हर. साहेब कानडी मुलखातले, पण मराठी बरं बोलायचे. आप्पांनी हार घातला. वारा सुटला होता. साहेबांनी वाघाकडं बघितलं आणि विचारलं, "एन इदु? हे काय आहे?" आप्पा उत्तर देणार, तेवढ्यात साहेब शिंकले.

एकदा नाही. शिंकतच राहिले. मग कारकून शिंकायला लागला, मग ड्रायव्हर. साहेबांचा चष्मा पडला, तो उचलायला कारकून वाकला आणि वाकल्यावाकल्या शिंकून त्यांच्या बुटावर आपटला. आणि आम्ही सगळे गावकरी मख्खासारखे उभे. आमच्यापैकी कुणालाही काही होत नव्हतं, त्यामुळं कारणच कळेना. इंजिनिअर म्हणाले, गाडीत गार वारं लागलं असणार. आप्पांनी काळजीनं विचारलं, "साहेब, गवती चहा सांगू?" आणि माझ्या कानात पुटपुटले, "बेळगावची हवाच वाईट रं."

साहेब हत्तीपाशी पोचले तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. सकाळी कुणाची तरी शेळी आत शिरून हत्तीचा मागचा पाय आणि शेपूट खाऊन गेली होती. म्हणजे ठरावातला निसर्ग आणखी कमी झालेला. परशराम मोठ्या उमेदीनं सोंडेबद्दल सांगायला लागले, पण ऐकणार कोण? साहेब एका हातानं सोंड धरून उभे होते आणि दुसऱ्या हातानं रुमाल. अण्णा लांब उभे राहून हसत होते. साहेबांनी हातानं खूण केली, गाडी काढा. बाग गेली, असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात वखारीचा भोंगा झाला. फाटक त्याच आठवड्यात बसवलं होतं, पण साहेबांसाठी म्हणून ते त्या दिवशी दुपारी उघडं ठेवलं होतं. भाकरीची फडकी घेऊन बायका नेहमीसारख्या आल्या, पाटीपाशी चपलांची रांग लावली आणि चिंचांकडं निघाल्या. सगळ्यात पुढं आई आणि तिची मैत्रीण गंगाक्का. आप्पा हात हलवून त्यांना मागं हाकलायला लागले. आईनं आप्पांकडं बघितलंच नाही. तिनं साहेबांकडं बघितलं.

"अगं बया! भुकटी लागलीया की त्यास्नी!" ती म्हणाली. "वाऱ्याच्या तोंडाला काय उभं केलाय? हिकडं आना!"

तेव्हा कुठं आमच्या टाळक्यात प्रकाश पडला. बायकांनी साहेबांना चिंचेखाली नेलं, लोटीतलं पाणी डोळ्यांवर मारलं, पदर ओला करून नाकाला लावायला दिला. कारकून आणि ड्रायव्हरलाही धरून आणलं. तिघं झाडाला टेकून बसले. हळूहळू शिंका थांबल्या. गंगाक्कानं साहेबांच्या हातात अर्धी भाकरी आणि झुणका ठेवला आणि साहेबांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

खाताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला शिंक येत नाही?"

बायका हसायला लागल्या. गंगाक्का म्हणाली, "पयल्या वरसाला येती, साहेब. मग न्हाय येत."

"आत वखारीत एवढीच असते?"

"एवढी? ही तर वाऱ्यानं उडालेली. आत भाकरी सोडली की भाकरीवर बसती. म्हनून तर हितं येतो जेवायला."

साहेब नाक पुसत नुसते वखारींच्या दारांकडं बघत राहिले. मग त्यांनी आप्पांना जवळ बोलावलं.

"बाग दुपारी उघडी असते ना?"

आप्पा चाचरले. "म्हंजे... म्हैसूरला दुपारी बंद..."

"म्हैसूरच्या बागेसमोर तंबाखूच्या वखारी आहेत काय?"

आप्पांनी मान हलवली, नाहीत म्हणून. साहेब उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की जागा बागेला दिली. फाटक सकाळी उघडायचं आणि दिवेलागणीला लावायचं, मध्ये लावायचं नाही. अण्णांचं हसू मावळलं. बायकांना नीट कळलं नसावं, त्या जेवत होत्या. मी आईकडं बघितलं तर ती मला म्हणाली, "बगतोस काय? त्या डायवरला पानी दे."

जाताना साहेब वाघापुढं थांबले. पुन्हा विचारलं, हे नक्की काय आहे? परशराम म्हणाले, "वाघ हाय, साहेब." साहेबांनी वाघाकडं, वाघाच्या पोटाकडं, वर केलेल्या पंजाकडं पाहिलं. मग बूट काढले आणि हात जोडले.

त्यानंतर मी काही दिवस हवेतच होतो. पुढं बेळगावला बदली झाली, बढती मिळाली, आणि भाषणात हा किस्सा सांगितला की लोक हमखास हसतात. साहेबांच्या शिंकांची नक्कल मला चांगली जमते. बदलीच्या आधी मात्र मी बागेत एक काम मनापासून केलं होतं. बायका बसतात तिथं, वारा येतो त्या अंगाला सोनचाफ्याची कलमं लावली. दिवसभर तंबाखूत असतात, जेवताना तरी चांगला वास यावा, असा माझा हिशोब. जागा निवडायला मी खूप डोकं लावलं होतं आणि त्याचा मला हत्तीपेक्षा जास्त अभिमान होता.

दोन पावसाळ्यांनी चाफा फुलला. मी सुट्टीला गावी आलो होतो. दुपारी बागेत गेलो, पहिलंच फूल तोडलं आणि चिंचेखाली बसलेल्या आईच्या हातात दिलं. तिनं ते नाकाशी धरलं, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला.

"लई ग्वाड वास हाय रं," ती म्हणाली.

गंगाक्का भाकरीचा घास तोंडात घेऊन खदाखदा हसली. "अगं तानाक्का, तुला कुठला वास येतोय! आमाला कुनालाच येत न्हाय, बाबू. लई वरसं झाली. रॉकेल का पानी, ते बी डोळ्यांनी बगायला लागतंय."

बाकीच्या बायकाही हसल्या. मला हसू येईना. एका घरात राहिलो, तिच्या हातचं जेवलो, आणि मला हे माहीत नव्हतं. चिंचेखाली चाफ्याचा वास नुसता भरून राहिला होता आणि तो फक्त मला एकट्याला येत होता.

"आये," मी म्हणालो, "मग ग्वाड हाय म्हनालीस ते?"

तिनं फूल अजून नाकाशीच धरलं होतं.

"तू लावलंयस न्हवं?" ती म्हणाली. "मग ग्वाडच असनार की."